मानाचा वाटा

हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय पुरस्काराला १९८५ साली पंचवीस वर्षं झाली आणि उपनगरातल्या जलतरण मंडळाला एकाएकी आपल्या जुन्या सेक्रेटरीची आठवण झाली. काशीराम परब तेव्हा एकसष्ट वर्षांचे. सगळे त्यांना नाना म्हणत. सगळे म्हणजे उरलेसुरले. बायको मालन जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर बोलणारा एक रेडिओ होता, पण तो आपलंच बोले, दुसऱ्याचं ऐकून घेत नसे.

"नाना, स्मरणिकेसाठी पुरस्काराचा इतिहास लिहा," नवा सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाला. "आपल्याकडून कुणाची नावं गेली, पुढे काय झालं, सगळं. तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे यार?"

कुणी विचारायला आलं एवढ्यावरच खूश होण्याचे दिवस होते ते. नानांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि भराभर लिहायला घेतलं. पहिली काही वर्षं पुरस्कार म्हणून नुसता पितळी पुतळा मिळे, तोही पोस्टाने; एका पुतळ्याचा वाटेतच हात मोडला होता. शिफारशीचा अर्ज तीन प्रतींत भरावा लागे आणि दिल्लीला त्याची हमखास एकच प्रत मिळे. लिहिता लिहिता १९६७ आलं आणि नानांचं पेन थांबलं.

त्या वर्षी त्यांनी बळवंतचं नाव पाठवलं होतं. बळवंत हा गोराई खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला, समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत तीन वर्षं देशात पहिला. अर्जात एक प्रश्न असे: चषक आणि पदक सोडून खेळाबद्दल आणखी काही स्वीकारलं आहे का? बाकीचे सेक्रेटरी तिथे डोळे मिटून 'नाही' लिहीत. नाना पडले सरळमार्गी. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'होय. गावाकडून दरवर्षी पहिल्या मासळीचा मानाचा वाटा.' कोळीवाड्याची ती जुनी रीत होती. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडत, आणि ज्याने गावाचं नाव काढलं त्याचा एक वाटा जन्मभर निघे. गाव पोराला एवढं मानतं हे वाचून दिल्लीवाल्यांचा ऊर भरून येईल, असं नानांना वाटलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं. खेळाडू मोबदला घेतो, सबब तो हौशी नाही.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे बळवंतला सांगायची नानांची छाती झाली नाही. "दिल्लीत आपलं कोण ऐकतं रे," एवढंच ते म्हणाले. बळवंतने ते खरं मानलं. उलट, हा माणूस माझ्यासाठी झटला, असं त्याने गावात सांगितलं आणि गावाने नानांचाही एक वाटा धरला. तेव्हापासून अठरा वर्षं, त्या रविवारी बळवंत होडीने खाडी ओलांडून, केळीच्या पानात बांधलेली मासळी घेऊन नानांच्या दारात येत होता. मालन गेल्यापासून वर्षभरात नानांच्या घरी जेवायला बसणारा तो एकच माणूस.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. ती हकिकत लिहिली तर बळवंतला कळणार; गाळली तर इतिहास खोटा होणार. तोंडाने एकदा खोटं बोलून झालं होतं, हाताने ते लिहवेना. नानांनी दोन दिवस विचारात घालवले, मग ठरवलं की छापून येण्याआधी आपल्याच तोंडून सांगायचं.

बळवंत आला तो ठरल्या रविवारी, सरंगे घेऊन. दोघं जेवले. हात धुवायच्या आत नानांनी ट्रंकेतलं दिल्लीचं पत्र काढून त्याला वाचून दाखवलं.

"म्हंजे वाटा नडला?" बळवंतने विचारलं.

"मी लिहिलं म्हणून नडला."

"खोटं लिवलेलं का?"

"नाही रे. खरंच लिहिलं होतं."

"मग त्याचा मना राग नाय." बळवंत ताटाकडे बघत राहिला. "पन अठरा वर्सं मी या घरात जेवलो, नाना. अठरा वर्सं गावात सांगत आलो, दिल्लीवाल्यांनी घात केला. माजा बा तेच बोलत मेला. तुमाला एकदा होडी धरून तिकडं येऊन सांगता आलं नाय?"

"तू येतच होतास," नाना म्हणाले. हे काही उत्तर नव्हे, हे बोलताक्षणी त्यांनाच कळलं.

बळवंतने ताट मोरीत नेऊन ठेवलं, चपला घातल्या. निघताना "येतो" म्हणायची त्याची सवय होती. त्या दिवशी ते तेवढं राहिलं.

नानांनी १९६७ची हकिकत जशी घडली तशी लिहून दिली. स्मरणिका हातात आली तेव्हा त्या वर्षापुढे छापलं होतं, 'आपल्या विभागातून कुणी नाही.' चंद्रप्रकाश हसत म्हणाला, "नाना, इतिहासात मासळी कशाला? पानांना वास येईल ना." ज्या चार ओळींपायी माणूस दुरावला, त्या ओळीच नव्हत्या. नानांना घरी येऊन रडू आलं.

पुढच्या वर्षी त्या रविवारी त्यांनी पहाटेच नारळाचं वाटण केलं, दोन ताटं घासून ठेवली आणि दार उघडं टाकून बसले. दुपारी वाटलं, ओहोटी असेल, होडी अडली असेल. आपण जावं, असंही एकदा मनात आलं. पण बोलावल्याशिवाय कसं जायचं, म्हणून ते उठले नाहीत. अंधार पडल्यावर त्यांनी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले. बळवंतची बायको सखुबाई तिथे मासळी विकायला बसे. वर्षभर नाना दुसऱ्या गल्लीने जात होते.

"बळवंत बरा आहे ना?"

"बरे हायेत." तिने हातातलं काम थांबवलं नाही. "काल तुमचा वाटा काढलेला, नाना. गाव एकदा धरलेला वाटा मोडत नाय. आमचे हे दिवस बुडंपर्यंत त्याच्यापाशी बसून होते. बोलले, या वर्सी मी नेनार नाय, या वर्सी ते येतील."

"मग?"

"मग काय. कोन न्यायला आलं नाय, तर वाटा दर्याला परत जातो. यांनीच सोडला."

नाना पिशवी धरून उभे राहिले. काल दिवसभर तो किनाऱ्यावर आणि आपण दारात, दोघंही एकमेकांची वाट बघत बसलो होतो, आणि मध्ये एवढीशी खाडी.

"पुढच्या वर्षी काढतील?" त्यांनी विचारलं.

"वाटा निघंल," सखुबाई म्हणाली. "हे त्याच्यापाशी बसतील का, ते मना ठाव नाय."