दोन तास न फुटलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनं, हाताने चाक फिरवून गोळ्या पाडायचं यंत्र आहे. वर्ध्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं एकाच टेबलावर उभा आहे. चाकाच्या एका फेरीला एक गोळी, हा माझा वेग. आजवर लाखभर गोळ्या पाडल्या, पण एकही कुणी खाल्ली नाही. मुलं त्या मोजतात, तोलतात, पाण्यात बुडवतात आणि मार्क घेऊन जातात. माझी तक्रार नाही.

नालवाडीची वेदश्री यंदा बी. फार्म. झाली. एम. फार्म.साठी विषयांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि तिचं काही ठरत नव्हतं. औषध बनवायचं असेल तर फार्मास्युटिक्स, ते शरीरात काय करतं ते पाहायचं असेल तर फार्माकोलॉजी, बनवणाऱ्यांवर नजर ठेवायची असेल तर क्वालिटी अशुरन्स. तिच्या बाबांना, श्रीधररावांना, क्वालिटी हवं होतं. त्यात नोकरी पक्की, असं त्यांना ऑफिसातल्या चार जणांनी सांगितलं होतं. चौघांपैकी एकालाही फार्मसी माहीत नव्हती.

फॉर्मची मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच सकाळी सरांनी तिला ज्युनियर मुलांना गोळ्या करून दाखवायला बोलावलं.

तिने पावडर भरली, चाक फिरवलं. गोळी सुंदर पडली. कोमट पाण्यात ती पंधरा मिनिटांत फुटायला हवी. अकराला टाकली, एक वाजला, गोळी जशीच्या तशी. लॅब अटेंडंट नत्थूजींनी दुसरी गोळी पेपरवेटने ठोकून पाहिली. पेपरवेटचा टवका उडाला. एका मुलीने गोळीचं बारसं करायचं सुचवलं.

मी शरमेने गार पडलो. तसा मी लोखंडी असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

वेदश्रीला मात्र चेव आला. तिने पावडर बदलली, पुन्हा वाळवली, पुन्हा चाळली. जेवणाचा डबा उघडला नाही, फॉर्मही नाही. साडेचारला ती माझ्या डोक्यावर वाकली. दाब कमीजास्त करायच्या स्क्रूखाली तिला झेंडूची पाकळी दिसली.

"नत्थूजी, हा स्क्रू कोणी आवळला?"

"काल पूजेत हार घसरून राह्यला होता, बाई. म्हणून स्क्रूखाली दाबून बसवला. हार पडला असता तं बरं दिसलं नसतं."

तिने स्क्रू तीन फेऱ्या सैल केला. नवी गोळी पाण्यात चौथ्या मिनिटाला फुटली. मित्रांनो, मुलांनी टेबलं वाजवली. माझं चाक तर कुणी न फिरवता अर्धी फेरी फिरलं. यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पाचला आठ मिनिटं कमी असताना तिने मोबाईलवर फॉर्म भरला. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"भरलं का? क्वालिटीच न?"

"नाई बाबा. फार्मास्युटिक्स. सकाळपासून एका गोळीच्या मागं लागली होती मी. मले भूकच नाई लागली."



"आधी जेवून घेजो," बाबा म्हणाले. "मंग मले सांग, त्यात करतात काय."

तिला नागपूरला प्रवेश मिळाला. तिथलं मशीन विजेवर चालतं आणि एका फेरीत सत्तावीस गोळ्या पाडतं म्हणे. पाडो बापडं. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, तर त्याला वेळेवर तेल द्या, त्याची धूळ पुसा. ते अडलं तर आमच्या मुलीचं काम अडेल. माझं काय, मला तेल नाही दिलं तरी चालेल.

दोन थेंब दिलेत तर नाही म्हणणार नाही.