कॅमेऱ्यावरची टिकली

"बाकी सारं दुरुस्त कर, पण त्या लाइटले हात लावू नको," कमलमावशीनं लॅपटॉप काउंटरवर ठेवता ठेवताच मले बजावलं.

सौंसरच्या बसस्टँडजवळ माहं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकायची एकच तऱ्हा पाहून राहिली मी, दुखणं लपवतात अन् औषध आपणच सांगतात. माहं डोकं तसंही लवकर तापते. पण कमलमावशी म्हणजे लोधीखेड्याच्या अंगणवाडीतून रिटायर झालेली बाई, माह्या आईची मैत्रीण. तिच्यावर काय तापायचं?

"कोणती लाइट, मावशी?"

तिनं स्क्रीनच्या वर, कॅमेऱ्याजवळचा बारका ठिपका दाखवला. "गौतम मले पाहते ना, तवा लागते."

गौतम तिचा एकुलता एक लेक, पुण्याले नोकरीवर. हा जुना लॅपटॉप त्यानंच दिलेला. फोन करते पंधरा दिवसांतून एकदा, तोही 'बरी आहेस ना' एवढ्यापुरता. मावशी रोज संध्याकाळी सातले बुद्धवंदना ऐकाले लॅपटॉप लावते, अन् चार महिन्यांपासून ती लाइट आपोआप लागून राहिली होती. पोरगा लाजरा आहे, न बोलता पाहून जाते, असं मावशीनं ठरवूनच टाकलं. मंग लॅपटॉप गेला स्वयंपाकघरात. मावशी धुतलेलं पातळ नेसून बसे, वाटी त्याच्यासमोर धरे अन् म्हणे, "पाय, आज वांग्याची केली. तू जेवला का, बाबू?"

"तुम्ही त्याले कधी विचारलं नाही?"

"विचारलं तं लाजन, अन् पाहणं बंद करन."

मी लॅपटॉप उघडला. इतका हळू चाले, की गोगलगाय बरी. "मावशी, मधात काही दाबलं होतं का?"

"हाव. एक दिवस हिंदीत लिहून आलं, 'आपके कंप्यूटर में गंदगी है, साफ करें'. मी केलं साफ."

घाण आहे म्हटल्यावर ही बाई थांबते थोडीच. तिनं साफ करायचं बटण दाबलं, अन् त्याच दारातून पाळत ठेवणारा प्रोग्राम आत घुसला. कॅमेरा तोच चालू करे. व्हायरस रोखणारं जे होतं, ते दोन वर्षांपासून अपडेटच नव्हतं.

तरी खात्री करावी म्हणून मी दुकानाबाहेर येऊन गौतमले फोन लावला. त्याले कशाचाच पत्ता नव्हता. मंग मात्र माहं डोकं तापलंच. "तुही आई रोज सातले तुले भाजी दाखवते, माहीत आहे का? अन् पाहून कोण राहिलं, तं चोर!"  त्यानं एवढंच विचारलं, "सात वाजता ना, ताई?"

आत येऊन मी मावशीले सारं खरं सांगितलं. तिनं पदर सारखा केला.

"म्हणजे चार महिने मी त्या परक्यालेच जेवला का विचारून राहिली होती?"

"हाव, मावशी."

"मंग माह्या गौतमले कोणीच नाही विचारलं."

मले रडू आलं, खोटं काहून बोलू. मान खाली घालून मी तो प्रोग्राम काढला, सारं अपडेट केलं, पासवर्ड बदलून दिले. घाण आहे, साफ करा, असं आपोआप लिहून आलं तं कशालेच बोट लावायचं नाही, हेही तीनदा सांगितलं. शेवटी माह्या कपाळाची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली. "आता कोणीच पाहू शकत नाही. गौतमचा व्हिडिओ कॉल आला तरच काढजा."

"मंग काढाचं कामच नाही पडत," ती म्हणाली अन् पिशवी उचलून गेली.

आठ दिवसांनी मावशी दुकानात आली, हातात वांग्याच्या भाजीचा डबा. मी डब्याकडे पाहिलंच नाही. तिच्या कपाळावर माही टिकली होती. काका गेल्यापासून बारा वर्षं ते कपाळ मी कोरडंच पाहिलं होतं.

"तो रोज सातले व्हिडिओ कॉल करते आता," मावशी म्हणाली. "पहिल्या दिवशी टिकली काढली, अन् ठेवावं कुठी समजेना, तं लावली कपाळाले. विसरूनच गेली. तो नुसता पाहूनच राहिला. मी हात लावला तं म्हणते, राहू दे आई, काढू नको."

"अन् कॅमेऱ्याले?"

"त्याले दुसरी लावली. एका पाकिटात दहा येतात."