पाच आणि बारा

नवी मुलगी आल्यापासून ताईचा जळफळाट सुरू होता, आणि तो झाकायची तिला फारशी हौसही नव्हती. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. उंदरांची खोली अकरा वर्षं तिच्या ताब्यात होती. पिंजऱ्यातला भुसा बदलणं, कानाला भोक पाडून नंबर देणं, शेपटीचं टोक कापून जनुक तपासणं, सगळं तिच्या हातचं. एक जनुक बदललेले उंदीर आणि साधे उंदीर एकाच आईच्या पोटचे, दिसायला अगदी सारखे. कोण कुठला, हे फक्त तिच्या यादीवरून कळायचं.

आठ महिन्यांपूर्वी ही मुलगी संशोधनाला आली आणि सगळ्यांची 'नवी' झाली. बदललेल्या वाणाच्या माद्या आपलीच पिल्लं खाऊन टाकायच्या. जनुकाचाच दोष, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं ताई वर्षानुवर्षं सांगत आली होती. नवीने आठवडाभर नुसतं पाहिलं, वरच्या फळीला पंख्याची थरथर बसते म्हणाली आणि पिंजरे खालच्या फळीवर आणले. पुढच्या वेतातली नऊच्या नऊ पिल्लं जगली. "हिच्या हाताला यश आहे," सर म्हणाले. अकरा वर्षं हे वाक्य ताईच्या हातांबद्दल होतं. ती शेजारीच उभी होती, पाण्याच्या बाटल्या भरत, आणि एक बाटली तिने इतकी भरली की बाही भिजली.

नवी वाईट असती तर सोपं होतं. ती दार उघडून धरायची, "ताई, तुम्ही दमला असाल, बसा," म्हणायची. हा गोडवा तर जखमेवर मीठ चोळल्यासारखा.

घरी ताट वाढताना ताईने हे सगळं चौथ्यांदा सांगितलं. नवरा जेवता जेवता म्हणाला, "अगं, सरांनी सवत आणल्यासारखं बोलतेस. मग मी कोण?"

"तुम्ही जेवा," ताई म्हणाली.

नवीचा प्रयोग मोठा होता. लहान पिल्लाचा एक डोळा चार दिवस झाकला की त्याचा मेंदू उघड्या डोळ्याकडे झुकतो. वाढलेल्या उंदराचा मेंदू मात्र हटून बसतो, शिकायचं वय सरलेलं असतं. बदललेल्या वाणाचा मेंदू मोठेपणीही पिल्लासारखा वळतो का, हे नवीला चौदा उंदरांवर पाहायचं होतं. त्यातले सात बदललेले, सात साधे. मोजणारीला कोण कुठला ते कळता कामा नये, नाहीतर मनात असतं तेच डोळ्यांना दिसतं. म्हणून यादी ताईने लिहायची, पाकीट चिकटवून कपाटात ठेवायचं आणि सगळं मोजून झाल्यावर सर्वांसमोर उघडायचं. निकाल स्वच्छ आला तर नवीची नेमणूक कायमची होणार होती, आणि उंदरांची खोलीही तिच्याकडे जाणार, हे सरांनी बोलून दाखवलं होतं. "तुम्हालाही जरा आराम, ताई."

आराम! त्या शब्दाने ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाकीट चिकटवण्याआधी तिने यादी नव्या कागदावर उतरवली. तीच, सुवाच्य अक्षरात. फक्त पाच नंबरच्या पुढे 'साधा' लिहिलं आणि बारा नंबरच्या पुढे 'बदललेला'. खरं होतं ते उलट. दोनच. सगळे उलटे लिहिले असते तर कुणालाही संशय आला असता. दोनांनी निकालाचा नुसता चिखल होतो.

पाकीट सोमवारी सकाळी उघडलं. सर वाचत गेले, नवी आपल्या वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवत गेली. एक जुळला. दोन, तीन, चार जुळले. पाच नंबर साधा, आणि त्याचा मेंदू पिल्लासारखा वळलेला. सरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. बारा नंबर बदललेला, आणि मेंदू ढिम्म.

"हे दोन चुकले," सर म्हणाले.

"सर, शेपट्यांचे तुकडे फ्रीजरमध्ये असतील. एकदा पुन्हा तपासायचे का?" नवीने जपूनच विचारलं.

"काही गरज नाही. ताईंची यादी अकरा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. मी माझ्या मोजणीवर शंका घेईन, त्यांच्या यादीवर नाही. तूच पुन्हा मोज."

आठ महिने ताई अशाच एका वाक्यासाठी झुरत होती. ते आलं, आणि तिने नजर फ्रीजरकडे वळवली.

नवी रडेल, वाद घालेल, निदान तोंड पाडेल, असं ताईला वाटलं होतं. नवीने मान हलवली. "बरोबर आहे, सर. ताईंचं चुकायचं नाही. माझाच डोळा चुकला असणार." तिने पेन्सिल घेतली आणि पाच नंबरच्या ओळीपुढे लिहायला लागली: माझी चूक.

ताई बघत राहिली. हिला हरायलासुद्धा किती छान येतं, हा पहिला विचार आला आणि नेहमीसारखा जळत गेला. सर त्या पेन्सिलीकडे इतक्या मायेने बघत होते की ताईला ते पाहवेना. खोली हिची, पिल्लं हिची, यश हिचं. आणि आता ही चूकही हिचीच? अख्ख्या प्रयोगात ताईने स्वतःच्या हाताने केलेली ती एकच गोष्ट होती.

"ते खोड," ताई म्हणाली. "चूक तुझी नाही. पाच आणि बारा मी उलटे लिहिलेत."

सरांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "असं होय. उतरवताना गडबड झाली असेल, ताई. होतं माणसाकडून."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. तिने फक्त मान हलवायची होती. नवीसुद्धा, समजुतीने, हसायच्या बेतात होती.

"गडबड नाही झाली," ताई म्हणाली. "विचार करून लिहिलेत."