एका पानाला एकच निळे

मी एक जुने निळे टोक आहे. अख्खी पेन्सिल नव्हे, मित्रांनो, नुसते टोक. तिचे दुसरे टोक लाल आहे, आणि त्या लालाचा हेवा करण्यात माझे निम्मे आयुष्य गेले.

आमचा जन्म एकाच लाकडाच्या पोटात झाला. एकीकडून लाल शिसे आले, दुसरीकडून निळे आले आणि मधोमध दोघांची पाठ पाठीला लागली. तेव्हापासून आजतागायत आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. दुतोंडी माणसाला लोक नावे ठेवतात, पण दुतोंडी पेन्सिल मात्र कौतुकाने घरी आणतात.

आम्हाला घरी आणले ते दोन बहिणींनी. थोरली कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. धाकटीला पक्की नोकरी नाही. ती वर्षभर एका शिवणकारखान्यात जाऊन बसली होती. यंत्रांच्या मधल्या बाकावर बसायची, धागे तोडू लागायची आणि तिथल्या बायकांचे बोलणे ऐकायची. एखादीला घरच्या अडचणीने उठावे लागले, तर तिचे काम बाकीच्या कशा वाटून घेतात, यावर दोघी बहिणी मिळून एक लेख लिहीत होत्या. तो एका नियतकालिकाकडे पाठवायचा होता. याआधी दोन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. तिसऱ्यांदा परत आला असता तर थोरलीची बढती गेली असती आणि धाकटीचे वर्ष वाया गेले असते.

नियतकालिकाला लेख ठरावीक शब्दांतच हवा होता आणि यांचा तर भलताच लांबला होता. म्हणून घरात एक रीत पडली. थोरली लाल टोकाने वाचत जायची आणि नको ते खोडायची. पान संपले की पेन्सिल उलटी करून धाकटीच्या हातात द्यायची. खोडलेले एखादे वाक्य धाकटीला हवेसे वाटले, तर तिने माझ्याकडून त्याखाली ठिपके काढायचे. निळे ठिपके म्हणजे ‘राहू द्या’. पण एका पानाला एकच निळे.

“दोन नाही का चालणार, ताई?”

“दोन म्हटलं की तू तीन करशील. लहानपणापासून ओळखते तुला.”

“आणि तुझ्या लालाला काही माप?”

“लालाला माप लावलं तर हा लेख माझ्या निवृत्तीच्या दिवशी पोचेल.”

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले असेल? लाल दिवसभर राबायचे, झिजायचे, पुन्हा टोकदार व्हायचे. त्याच्या लाल कातरणांचा टेबलावर ढीग पडायचा. थोरली म्हणायची, “वा, काय सरसर चालतं हे!” माझे टोक मात्र पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशीसारखे कोरेच राहिले. पानाला सात-आठ ठिपके, की माझे काम संपले. बरे, काम नसताना धाकटी आम्हाला अंबाड्यात खोचायची. तेही असे, की लाल वर, उजेडात; आणि मी खाली, केसांच्या अंधारात. तिथे मी मनातल्या मनात म्हणत असे:

लाल गेलं गावाला, निळं राहिलं दारात,
एका काडीचे दोघं आम्ही, हेवा मधल्या घरात.

हेवा काही माझ्या एकट्याचा नव्हता. लेखावर आधी थोरलीचे नाव आणि मग धाकटीचे, असे ठरले होते.

“कारखान्यात वर्षभर मी बसले, आणि आधी नाव तुझं,” धाकटी एकदा म्हणाली.

“अगं, नावाला वजन लागतं. तुझं नाव अजून कुणी ऐकलंय का?”

धाकटीने आम्हाला अंबाड्यातून काढले आणि पुन्हा जरा जोरात खोचले. मला ते आवडले. आपल्यासारखे कुणीतरी आहे, एवढेच वाटले.

त्या सगळ्या लेखात एक परिच्छेद असा होता की लालाने त्याला स्पर्शही केला नाही. तो काजवालीचा होता. शर्टाला बटणे लावायची तर आधी त्यांची काजे करावी लागतात, आणि त्या कारखान्यात काजाचे यंत्र चालवणारी ती एकटीच. तिची आई अंथरुणाला खिळलेली. म्हणून आठवड्यातून एक दुपार ती मागच्या दाराने गुपचूप घरी जायची, आईला न्हाऊमाखू घालायची, आणि तेवढा वेळ बाकीच्या चौघी आळीपाळीने तिच्या यंत्रावर बसायच्या. यंत्राचा आवाज थांबू द्यायचा नाही, म्हणजे आतल्या खोलीतल्या सुपरवायझरला शंका येत नाही.

“हाच आपल्या लेखाचा जीव आहे,” थोरली म्हणायची. “हा काढला तर उरतं ते नुसतं कोमट पाणी.”

शेवटी लेख मापात बसला. आता एकच काम राहिले. परीक्षकांना लेख कोणाचा ते कळू नये, म्हणून लेखातून लिहिणारीची ओळख पुसून टाकायची, असा त्या नियतकालिकांचा नियम असतो. दोघी टेबलाशी बसल्या. स्वतःची नावे काढली. कॉलेजचे नाव काढले. आभार काढले. “मागच्या लेखात आम्ही म्हटले होते” असे एक वाक्य होते, त्यातले ‘आम्ही’सुद्धा थोरलीने लालाने उडवले.

“आता माझी सख्खी आई वाचेल तरी ओळखणार नाही,” ती समाधानाने म्हणाली.

धाकटी समोरच्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, आपण स्वतःला किती नीट लपवलं. आणि काजवालीला?”

“तिचं नाव कुठंय? ‘एक कामगार’ लिहिलंय.”

“काजं करणारी एक कामगार. तिथं काजं करणारी आहे किती जणी?”

थोरलीने डोक्याला हात लावला, पण हार मानली नाही. “कारखान्यातलं कोण वाचणार आहे असलं नियतकालिक?”

“सुपरवायझरची मुलगी तुझ्याच वर्गात बसते. हा लेख तू वर्गात वाचायला देणार नाहीस?”

मग जे घडले ते मी जन्मात पाहिले नव्हते. धाकटीने हात लांब करून पेन्सिल घेतली आणि उलटी न करताच लालाने तो सगळा परिच्छेद आडवा खोडला. धाकटीने! माझ्या हक्काच्या हाताने! एवढे दिवस तो हात माझा होता, म्हणून मी लालाचा डौल सोसत होतो. आता तोही गेला.

पण थोरलीने तिच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली आणि मला खाली दाबून ओळीमागून ओळीखाली ठिपके टाकले. एवढे ठिपके मी कधीच काढले नव्हते. खरे सांगतो, मला आनंदाचे भरते आले. लालाच्या छातीवर पाय देऊन उभे राहिल्यासारखे वाटले.

“तिलाच विचारून ये,” थोरली म्हणाली. “ती हो म्हणाली तर राहील.”

धाकटीने ते पान पर्समध्ये आणि आम्हाला अंबाड्यात घालून काजवालीचे घर गाठले. एक खोली, खिडकीपाशी आईचा पलंग. काजवालीने परिच्छेद ऐकला आणि तिचा चेहरा उजळला.

“छापा की, पोरी. बिनधास्त छापा.”

“साहेबांना कळलं तर?”

“कळू दे. माझ्यावर कुणी चार ओळी लिहिल्यात का आजवर?” मग तिने विचारले, “शेजारच्या यंत्रावरच्या त्या कॉलरवालीचं किती वेळा आलंय?”

“दोनदा.”

“तिचं दोनदा, आणि माझं एकदाच?”

धाकटी परतली. थोरली दारातच उभी होती. “काय म्हणाली?”

“हो म्हणाली.”

“मग झालं तर.”

“तिनं म्हटलं हो. तिच्या यंत्रावर बसणाऱ्या चौघींनी नाही. आणि ताई, तिची एक दुपार गेली तर तिच्या आईला न्हाऊ कोण घालणार? आपलं नियतकालिक?”

थोरली खुर्चीवर बसली. बराच वेळ ती पेन्सिल बोटांत फिरवत राहिली; कधी मी वर, कधी लाल वर. मी मनात म्हणत होतो, माझे ठिपके आहेत, राहू दे, एकदा तरी राहू दे. मग तिने लाल टोक टेकवले आणि स्वतःच काढलेल्या माझ्या ठिपक्यांवरून सावकाश एक रेघ ओढली.

“पाठव,” ती म्हणाली. “कोमट तर कोमट.”

लेख गेला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले: घेतो, पण उदाहरणे फार थोडी आहेत. छापून आला तेव्हा आधी थोरलीचेच नाव होते. धाकटीने छापील अंक काजवालीला नेऊन दाखवला. ती पाने उलटत गेली.

“माझं कुठंय?”

“काढलं. तुझी दुपार जाऊ नये म्हणून.”

“आणि कॉलरवालीचं?”

“ते आहे.”

“तिचं बरं राहिलं,” काजवाली म्हणाली आणि तिने तोंड फिरवले. मित्रांनो, ते फिरवलेले तोंड मी चांगले ओळखतो.

तेव्हा धाकटीने पर्समधून ते जुने पान काढले आणि तिच्या हातात ठेवले. “हे छापायचं नाही. हे तुझं.” काजवालीने ते आईच्या उशाशी बसून मोठ्याने वाचले. आई लाल रेघेकडे बघत नव्हती. तिने वाळके बोट माझ्या ठिपक्यांवर ठेवले.

“हे खाली निळं निळं काय गं?”

काजवालीने धाकटीकडे पाहिले.

“हे राहावं, असं वाटलं होतं, आजी,” धाकटी म्हणाली.

आता लाल एवढेसे उरले आहे, बोटांच्या चिमटीतही येत नाही. मी अजून लांब आहे. तरी त्याचा हेवा सुटला, असे खोटे कशाला सांगू? तुम्ही कधी कुणाची गोष्ट लिहाल, तेव्हा स्वतःला जितके जपता तितकेच त्या माणसालाही जपा. त्यासाठी ती गोष्ट खोडावी लागली, तर खुशाल खोडा. फक्त ते पान फाडून टाकू नका. ज्याचे असेल त्याला नेऊन द्या.