नऊ पायऱ्या नसलेली बारव

मित्रांनो, जपून उतरा. मी एक जुनी बारव आहे, आणि माझ्या वरच्या नऊ पायऱ्या आता जागेवर नाहीत. पडक्या वास्तू बघायची हौस म्हणून आला असाल, तर त्या मातीच्या घसरणीवर जरा बसा. मला फार बोलवत नाही, पण आलाच आहात तर ऐका.

पारोळ्याहून धुळ्याकडे कापसाच्या गाड्या जात, त्या वाटेवर झिपरू नावाच्या पाथरवटाने मला बांधले. एकेचाळीस पायऱ्या उतरल्या की पाणी. माझा झरा सर्वांत खालच्या पायरीच्या कपारीत आहे. दगड बसवताना झिपरूने तेवढी फट मुद्दाम मोकळी सोडली होती.

माझे दिवस बरे होते. गाडीवान बैलांसाठी डोण भरून ठेवत. मारवाड्यांच्या बायका पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेत आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव परत माझ्यातच सोडत. त्यांच्या घरी बाळ जन्मले की बाळंतीण वाजतगाजत माझ्याकडे येई. त्याला त्या जलवा म्हणतात. मला कुंकू लावून, पहिली कळशी भरून नेल्याशिवाय बाळंतिणीने घरातल्या पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत. त्या गाण्यांचा मला फार अभिमान वाटे.

मग गावात नारूचा रोग आला. पाय बुडवून पाणी भरल्यामुळे तो पसरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. खोटे कशाला बोलू? दोष माझ्या पाण्याचाही होता. गावात नळ आला, ते चांगलेच झाले. पण त्यानंतर मला कोणी हाक मारली नाही. आधी फुटकी मडकी आली, मग केर, मग मेलेले कुत्रे. दहा-बारा वर्षांत मी जवळजवळ वरपर्यंत भरले. जलव्याची कुंकवाची बोटे नळाच्या तोटीवर उमटू लागली. ऐकून मला हसू आले आणि वाईटही वाटले.

बहात्तर सालचा दुष्काळ पडला. नळ कोरडा झाला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सारे गाव लागले. मुकादम होता सुपडू. त्याला माझे दगड दिसले, घडीव आणि आयते. पहिल्या दोन दिवसांत नऊ पायऱ्या निघाल्या. मी मनात मोजत होते. अशाच खालपर्यंत निघाल्या असत्या तर वरची माती घसरून झऱ्याची फट कायमची बुजली असती. त्या फटीत पाणी अजून जिवंत होते आणि ते फक्त मला ठाऊक आहे असे मला वाटत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी झमकूबाई आली. पन्नालाल शेठची ती म्हातारी आई. मागे तिची नातसून प्रेमकुंवर, कडेवर सव्वा महिन्याची मुलगी.

"माय, आठे कसाले उनी?" सुपडूने तिला इथे येण्याचे कारण विचारले.

"जलवा कराना शे. आठे बारव शे."

"कोठली बारव? हाऊ ते बठ्ठा उकिरडा शे!"

"उकिरडा तुम्हीन कया. खाले पाणी शे. मना पन्ना म्हनस, टँकरले कुंकू लाव. टँकर ते सांजले निंघी जास. त्याना मांगे पयू का मी?"

टँकरमागे पळणारी म्हातारी डोळ्यांपुढे येऊन बाया हसल्या. सुपडू नाही हसला. संध्याकाळी साहेब खडीचा ढीग मोजायला येणार होता आणि ढीग कमी भरला तर त्याच्या माणसांच्या चुली पेटणार नव्हत्या. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दहाव्या पायरीला पहार लावायला सांगितले.

झमकूबाई त्या पायरीवर जाऊन बसली. पहार घेतलेला गडी तसाच उभा राहिला.

तेवढ्यात खडी फोडणाऱ्या शेवंताबाईने हातोडा खाली ठेवला. "सुपडूभाऊ, मनी सासू बी हाईच सांगे, खाले पाणी शे. एक रोज थांबा ना," ती म्हणाली, आणि तिने केराची पहिली पाटी उचलली. मग दुसरी बाई उठली, तिसरी उठली. शेवटी सुपडूनेही डोक्याचे फडके कमरेला बांधले. ढीग त्या दिवशी कमीच भरला.

खालपर्यंत पोहोचायला चार दिवस लागले. झमकूबाई रोज येऊन त्याच पायरीवर बसे. चौथ्या दिवशी शेवंताबाईच्या हाताला ओला चिखल लागला, आणि थोड्या वेळाने त्या चिखलात पाणी साचू लागले. मित्रांनो, मी रडले. तुम्ही त्याला पाझर म्हणाल.

प्रेमकुंवरने मला कुंकू लावले. मुलीचा कसला जलवा, असे घरात कोणी म्हणाले होते म्हणे. झमकूबाईने ते कानाआड केले होते. ती गायली तेव्हा तिचा आवाज फाटत होता. त्या उन्हाळ्यात सारे गाव माझ्या पाण्यावर जगले. पाण्यात कोणी पाय घालू नये म्हणून सुपडूने काठाला दोर आणि बादली बांधून दिली, आणि प्रत्येक बाई पाणी गाळून नेई.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, नळ सुरू झाला. झमकूबाई गेली. दोर कोणीतरी सोडून नेला. पुन्हा पहिला केर कोणी टाकला ते मी पाहिले आहे, पण नाव सांगणार नाही. आता सांगून थकले. माझ्या नऊ पायऱ्या खडी होऊन रस्त्यात गेल्या. धुळ्याच्या एसटीत बसलात तर तुम्ही त्यांच्यावरूनच जाता.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत एक सहा-सात वर्षांची मुलगी डोक्यावर केराची पाटी घेऊन आली. प्रेमकुंवरची मुलगी. मी तिला चेहऱ्यावरून ओळखले, तिने मला ओळखले नाही. तिने नाक दाबून पाटी माझ्यात उपडी केली आणि पळत घरी गेली.

तिच्यावर रागावू नका. तिला कोणी सांगितलेच नाही. जाताना पन्नालाल शेठचे घर वाटेत लागेल. तिला एवढेच सांगा, पाटी उपडी करण्याआधी एकदा वाकून बघ. तळाशी अजून थोडे पाणी आहे, आणि ते तुझ्यासाठी काढले होते.