घाटातली मोटार

पंगतीत दिलेला शब्द हात धुईपर्यंत टिकला तरी पुष्कळ, असा पाशाचा अनुभव होता. पण केंदूरच्या जयसिंगरावांनी दौंडात, साडूभावाच्या घरी, मटणाच्या तिसऱ्या वाढीला जे कबूल केलं ते दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांच्या लक्षात होतं.

प्रकरण असं होतं. दोघा साडूंना बैलांच्या शर्यतीचा नाद, आणि जनावर पारखावं तर आपणच, असा दोघांचाही समज. अठ्ठावन्न सालच्या त्या जेवणात दौंडकर साडू म्हणाले, बैल काय कुणीही पारखतो, मोटार पारखून दाखवा. झालं. भाकरीचा तुकडा ताटात तसाच राहिला आणि शर्यत ठरली. कवठे येमाईची यात्रा उरकली की दुसऱ्या दिवशी बैलगाड्यांचा घाट मोकळा असतो. त्या मातीच्या चढावर दोघांनी एकेक मोटार पळवायची, आणि जिला कमी वेळ लागेल ती जिंकली.

अटी घातल्या पंगतीला बसलेल्या कोंडिबा आबांनी. घाटातल्या निवाड्यात आबांचा शब्द शेवटचा असायचा, मग समोर पाटील असो नाहीतर आमदार. मोटार वीस वर्षांपलीकडची जुनी हवी. किंमत दोन हजारांच्या आत, नाहीतर ज्याची थैली जड तोच जिंकायचा. आणि कंपनीनं घडवली तशीच्या तशी पळवायची. काही काढायचं नाही, काही जोडायचं नाही, इंजिनाला हात लावायचा नाही. म्हणजे कस लागणार तो फक्त निवडणाऱ्याच्या नजरेचा.

जयसिंगरावांना मोटार कशीबशी हाकता येत होती, पण पारख म्हणाल तर एवढंच कळत होतं की ती पेट्रोलवर चालते. त्यांची नजर म्हणजे पाशा. अठरा वर्षं तो त्यांची टॅक्सी शिरूर-दौंड रस्त्यावर चालवत होता.

"निवडायची तू, पळवायची बी तू," जयसिंगराव म्हणाले. "जिकलास तर गाडी तुझी. हारलास तर टॅक्सीची किल्ली ठिवायची आन् घरी जायाचं."

पाशानं मान डोलावली. स्वतःची गाडी, ही गोष्ट तो अठरा वर्षं मनात धरून होता आणि कुणाला सांगत नव्हता, कारण सांगितली असती तर स्टँडवरच्या लोकांनी हसून हसून जीव घेतला असता. त्या रात्री शर्यतीसकट ती सांगितली फक्त बायकोला. रोशनबीनं ऐकून घेतलं, चूल सारखी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मानसं किती बसत्याल?"

"शर्यतीची गाडी हाय ती."

"शर्यत येक दिस. बाकीच्या दिसांला काय तिला ववाळायची?"

पाशा तिच्यावर चिडला. मग रात्रभर तोच विचार करत बसला, आणि सकाळी त्याच्या डोक्यात लबाडी पक्की झाली होती. मोटार अशी निवडायची की जिंकता तर आलं पाहिजेच, पण जिंकल्यावर तिच्यात बाजारचे उतारूही मावले पाहिजेत.

पहिली मोटार शिरूरच्या एका डॉक्टरांची. इंजिन गोड, रंग शाबूत, खिडक्यांना पडदे. पाशानं घोडनदीपर्यंत नेऊन आणली. पळायला वाईट नव्हती. पण दारं इतकी अरुंद की त्यातून दगडाबाई आत शिरणं शक्य नव्हतं. ही दगडाबाई शिरूरची, रेवड्या विकायची. ती आणि तिची नणंद तुळजाबाई दर बाजाराला पाशाच्या टॅक्सीतून दौंडला जायच्या. दोघी मिळून चौघांची जागा घ्यायच्या आणि भाडं मात्र दोघींचंच द्यायच्या. "हिच्यात दम न्हाई, मालक," पाशानं जयसिंगरावांना तोंड वाकडं करून सांगितलं.

दुसरी शिक्रापूरला, एका आडत्याच्या गोठ्यात उभी. अमेरिकन, आठ सिलिंडरची, लांबलचक. हँडल मारल्याबरोबर जी गरजली, की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. जयसिंगराव जागच्या जागी खूश झाले. पाशालाही कळलं की सरळ पळण्यात हिच्यापुढे तालुक्यातली कुठलीच गाडी टिकणार नाही. पण ही एका फेरीत जेवढं पेट्रोल पिईल तेवढ्यात त्याच्या घरची चूल आठवडाभर पेटली असती.

तो बॉनेटभोवती दोन चकरा मारून आला आणि बैलांच्या भाषेत बोलला.

"मालक, हिचं पोट सुटलंय. आवाज भारी, पर चढाला ऊर फुटंल. असला बैल तुमी दावणीला बांधला असता का?"

जयसिंगरावांनी मोटारीच्या पोटाकडं बघितलं. नसलेलं पोट त्यांना दिसलं. "न्हाई बांधला," ते म्हणाले. पाशाला जरा वाईट वाटलं, पण जरासंच.

तिसरी मिळाली दौंडला, रेल्वेतल्या एका रिटायर गार्डाकडं. एकोणतीस सालची मॉरिस. पुढं दोघांपुरती जागा, वर कापडी टप, आणि पाठीमागं उघड्यावरची डिकी-सीट. मागच्या बाजूचं पत्र्याचं झाकण उचललं की आतून गादी निघायची आणि दोन माणसं वाऱ्यात, थेट मागच्या चाकांच्या वर बसायची. पाशानं ते झाकण चार वेळा उघडलं आणि चार वेळा लावलं. पुढं ड्रायव्हरशेजारी दोघं, डिकीत दोघांच्या जागी दाटून तिघं, दोन्ही पायऱ्यांवर चौघं, मडगार्डांवर दोघं, टपाला धरून एक. बारा झाले. सोळाशेला सौदा ठरला.

"ही घ्यायची व्हय?" जयसिंगराव म्हणाले. "शेळीवाणी दिसती."

"हलकी हाय, मालक. चढाला हलकंच पळतंय." हे त्यांना पटलं, कारण ते बैलवाल्यांचंच म्हणणं होतं.

आठच दिवसांत स्टँडवर बातमी आली. शिक्रापूरची आठ सिलिंडरवाली दौंडकरांनी उचलली होती.

पाशाचा चहा तसाच राहिला. सडकेवर त्यानं मॉरिस जीव तोडून दामटून पाहिली. एक एसटी पुढं निघून गेली आणि कंडक्टरनं हातसुद्धा हलवला. बारा उतारूंच्या मोहात आपण मालकाला फसवलं, स्वतःलाही फसवलं, आणि आता आहे ती टॅक्सीही जाणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याला खरोखर भीती वाटली. घरात बोलला असता, पण रोशनबीनं पुन्हा माणसं किती बसतात तेच विचारलं असतं.

घाटात त्या दिवशी यात्रेतले निम्मे लोक थांबले होते. बैलांनी आदल्या दिवशी तुडवून घाटाची माती घोट्याएवढी भुसभुशीत केलेली. शाळेच्या मास्तरांनी सेकंदकाट्याचं घड्याळ हातात धरलं, आबांनी फडकं वर धरलं आणि पहिली बारी दौंडकरांना दिली.

दौंडकरांनी गाडीतून ड्रायव्हरखेरीज सगळी माणसं उतरवली. टोपलीभर नारळ होते, तेही उतरवले. हलकी गाडी पळते, हे त्यांनाही कुणी शिकवायला नको होतं. फडकं पडलं. आठ सिलिंडर गरजले, मागची चाकं गरगरा फिरली, आणि गाडी जागच्या जागी माती उडवत राहिली. पुढं एवढं मोठं इंजिन, मागं मोकळा पत्रा. चाकांना जमीनच सापडेना. दोन खड्डे पडले. मग कुठं एक चाक मुरमाला लागलं आणि गाडी उसळून वर गेली.

"चौतीस," मास्तर म्हणाले. लोक दौंडकरांच्या नावानं ओरडले, कारण वर जाताना ती दिसली मात्र झकास होती.

पाशा त्या दोन खड्ड्यांकडं बघत उभा होता. हे खड्डे त्याच्या ओळखीचे होते. दौंडच्या अलीकडं भीमेची वाळू ओलांडताना मागं भार नसला की टॅक्सी अशीच रुतायची. मग तो दगडाबाईला आणि तुळजाबाईला म्हणायचा, मागं सरका. त्या बडबडत मागं सरकायच्या आणि टॅक्सी गुमान वाळूबाहेर यायची. अठरा वर्षं हे चाललं होतं.

त्यानं मान वर केली. घाटाच्या कडेला दगडाबाई रेवड्यांची दोन पोती घेऊन बसली होती. शेजारी तुळजाबाई.

पाशा त्यांच्यापुढं उकिडवा बसला. "गाडीत बसता का? डिकीत. वर जाऊस्तवर."

"फुकाट?" दगडाबाई म्हणाली.

"फुकट."

"आन् आमचं वराडनं कोन ऐकंल? पडलो तर?" तुळजाबाई म्हणाली. "ह्येवढ्यासाठी न्हाई बसायच्या आमी."

वेळ नव्हता. आबांनी दुसऱ्यांदा हाक मारली होती. पाशानं कोपरापासून हात जोडले आणि भलतंच कबूल केलं. "ह्या गाडीतनं तुमा दोघींला दर बाजाराला दौंडला नीन. जलमभर. भाडं न्हाई."

दोघी उठल्या. पोतीही उठली. कारण पोती तिथंच सोडून दगडाबाई स्वर्गातही गेली नसती.

डिकीचं झाकण उघडलेलं बघून दौंडकर पुढं आले. "आबा, ह्ये काय? जोडायचं न्हाई म्हणला व्हता ना?"

पाशानं चेहरा शक्य तेवढा पाडला. "बायकांला शब्द देऊन बसलोय, आबा. तुमी न्हाई म्हणत असाल तर उतरवतो. माझं बी बरंच हुईल."

आबांनी डिकीत निरखून पाहिलं. "गादी कंपनीची हाय. बायका काय मोटारीचा भाग न्हाईत. दौंडकर, तुमची हरकत हाय का?"

दौंडकर एवढे हसले की त्यांचा फेटा सुटला. "माझी कसली हरकत? आजून दोघी चढवा की." जयसिंगराव मात्र हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

फडकं पडलं. पाशानं क्लच हळू सोडला. मॉरिसचं ढुंगण खाली दबलं, चाकं मातीत रुतण्याऐवजी चिकटली, आणि गाडी कसलाही आवाज न करता निघाली. मागून दगडाबाई पाशाचे आईबाप काढत होती, तुळजाबाई येमाईला नवस बोलत होती, पोत्यातून रेवड्या उडत होत्या आणि पोरं त्यांच्यामागं पळत होती. मॉरिस कुठं थांबली नाही.

"सव्वीस," मास्तर म्हणाले, आणि खात्रीसाठी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

जयसिंगराव पळत वर आले. बॉनेटवर गुलाल पडला, हार पडला. पाशा खाली उतरला; त्याला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात जयसिंगरावांनी स्टिअरिंगला हात लावला, गाडीकडं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "पाशा, तुला मी दुसरी बघून देतो. जिकलेला बैल कोन दावणीचा सोडतो का?"

पाशाचं हसू गेलं. मालकाशी भांडायची त्याला सवय नव्हती.

"बाया हो, उतरा आता," जयसिंगराव डिकीकडं वळून म्हणाले.

"का म्हून?" दगडाबाई म्हणाली. तिनं पोतं मांडीवर नीट घेतलं. "ह्या गाडीतनं दर बाजाराला दौंडला न्यायचं ठरलंय. जलमभर. भाडं न्हाई."

"त्ये पाशानं ठरवलंय. पाशाला सांगा."

"गाडी कुनाची?"

"माझी."

"मंग तुमी न्या की, जयसिंगराव. आमाला ड्रायव्हर कोन बी चालतो. फकस्त केंदुरावरनं शिरूरला वक्तात या, पहाटं कोंबड्याला."

"आन् वाळूत रुतली की उतरून ढकलायचं," तुळजाबाई म्हणाली. "आमी उतरत न्हाई."

जयसिंगरावांनी आबांकडं पाहिलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "शब्द गाडीवर दिलाय," ते म्हणाले. "आन् त्या शब्दावरच तुमी जिकलाय, जयसिंगराव. गाडी ज्याची, त्यानं त्यो पाळायचा. न्हाईतर जीत बी सोडायची."

जयसिंगराव गाडीत बसले. बहुधा विचार करायला बसले असावेत. पण बसल्याबरोबर मागून दगडाबाईचं बोट त्यांच्या खांद्याला लागलं आणि वाट कुठून धरायची ते तिनं सांगायला सुरुवात केली. त्यांनी गाडी पुढं काढली, पण पंधरा पावलांवर थांबवली, खाली उतरले आणि सगळ्यांदेखत किल्ली पाशाच्या हातात ठेवली.

"शब्द म्हंजी शब्द," ते मोठ्यानं म्हणाले.

गर्दीत उभी असलेली रोशनबी पुढच्या सीटवर येऊन बसली. पाशाचे डोळे भरून आले होते. त्यानं ते बाहीनं पुसले आणि स्वतःच्या गाडीला पहिल्यांदा गिअर टाकला.

"बारा म्हणला व्हता," रोशनबी पुढं बघत म्हणाली. "आता धाच धरा."

"धा कुठले?" पाशा म्हणाला. "त्या दोघी चौघांची जागा घेत्यात."

मागून बोट त्याच्या खांद्याला लागलं. कुठं जायचं हे अठरा वर्षं त्याला दुसऱ्यांनीच सांगितलं होतं, आणि आजही तेच झालं. पण आज तो खुशीनं ऐकत होता.