प्रॉम्प्टर बोलायला जातो

नाट्यगृहाचं सरकारी अनुदान बंद होणार, ही बातमी आली तेव्हा समितीपुढे गाऱ्हाणं मांडायला कोणाला धाडायचं यावर बराच खल झाला. नायकाला धाडण्यात अर्थ नव्हता. मागच्या कपातीच्या वेळी तो इतका सुंदर रडला होता की सदस्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अनुदान निम्मं केलं. शेवटी हे लचांड प्रॉम्प्टरच्या गळ्यात पडलं. एकतीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजत पुरवणारा हा माणूस. मोठ्यानं तो आयुष्यात एकदाच बोलला होता, पडद्याला आग लागली तेव्हा. तेव्हाही आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला नव्हता.

सोबत थोरली बहीण होती. नाटकाचे कपडे तीच सांभाळायची, आणि सवड मिळेल तसा भावालाही.

"नुसते ओठ हलवू नकोस तिथं," तिनं जिन्यातच बजावलं.

आत अध्यक्ष कपातीचे ठराव वाचत होते. वाचनालय, बँडपथक, चित्रशाळा. मजकूर तोच, नाव तेवढं वेगळं. प्रॉम्प्टरनं खिशातलं भाषण काढलंच नाही. त्याला भलतंच कुतूहल वाटत होतं. हा माणूस श्वास कुठे घेतो? 'उपयुक्तता' आली की दरवेळी पाणी का पितो? तिसऱ्या ठरावापर्यंत त्याला सगळं तोंडपाठ झालं.

चौथा ठराव नाट्यगृहाचा. "प्रत्यक्ष उपयुक्तता..." अध्यक्ष पाणी प्यायले, चष्मा घसरला, ओळ हरवली.

"सिद्ध न झाल्याने सदर खर्च अनावश्यक," प्रॉम्प्टर कुजबुजला.

"सिद्ध न झाल्याने सदर खर्च अनावश्यक," अध्यक्ष म्हणाले आणि दचकले. "कोण बोललं?"

बहिणीनं करकचून चिमटा काढला. "अरे मेल्या, आपल्याच हातानं पायावर धोंडा!"

प्रॉम्प्टर उठला. "मी, साहेब. नाट्यगृहातला. वाक्य अडलं की राहवत नाही."

"पण हे तर तुमच्याच विरोधातलं वाक्य."

"आमच्याकडे वाक्य कोणाच्या बाजूचं आहे ते बघत नाहीत. खलनायकालाही द्यावं लागतं. त्याचंच पाठांतर कच्चं असतं."

एक सदस्य खुसखुसला. अध्यक्ष नाही हसले. ते पुढे झुकले. "तिकिटांवर भागत नाही का तुमचं?"

"नवं नाटक पहिल्या दहा प्रयोगांत अडखळतं, साहेब. तेव्हा ते बघायला पैसे देऊन कोण येणार? ते दिवस तुमच्या अनुदानावर निघतात. अकराव्या प्रयोगाला लोक म्हणतात, वा, किती सहज!"

"आणि अनुदान नसेल तर?"

"मग पहिले दहा गाळून थेट अकरावाच करावा लागेल. कसा करतात, मला ठाऊक नाही."

बहीण खालच्या आवाजात म्हणाली, "आता भाषण काढ!" त्यानं काढलं नाही.

अध्यक्षांनी पुन्हा कागद उचलला. "सदर खर्च अनावश्यक ठरत असून..." आणि ते थांबले.

दालनातल्या सगळ्या माना प्रॉम्प्टरकडे वळल्या. पुढचे शब्द त्याच्या जिभेवर होते. 'तो तत्काळ बंद करण्यात यावा.' पण तो अध्यक्षांचे डोळे बघत राहिला. विसरलेला नट विंगेकडे बघतो. हे साहेब खिडकीकडे बघत होते. त्याला विसरणं म्हणत नाहीत, त्याला विराम म्हणतात. आणि विरामात तोंड घालणाऱ्या प्रॉम्प्टरला नट जन्मभर क्षमा करत नाहीत. त्यानं ओठ घट्ट मिटले. एकतीस वर्षांत इतकं जड काम त्यानं केलं नव्हतं.

"हा ठराव," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "पुढच्या बैठकीपर्यंत राहू द्या."

"पण कागदावर तर—" सचिव म्हणाले.

"कागद मी वाचलाय. चारदा."

बैठक उठल्यावर अध्यक्ष दारापाशी घुटमळले. "काय हो, त्या विंगेत परक्या माणसाला उभं राहू देतात का? म्हणजे, पहिल्या दहांतल्या एखाद्या प्रयोगाला?"

"देतात, साहेब. फक्त शिंकायचं नाही."

अध्यक्षांनी गंभीरपणे मान डोलावली आणि सचिवांना ते टिपून घ्यायला सांगितलं.